चर्नी रोडची बाग : बाकावरचा विद्यार्थी आणि पाटीवरचे नाव



विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी काहीतरी लिही, असे कार्यकर्त्यांनी सांगितले. बाबासाहेबांच्या जीवनावर पुष्कळ लिहून झाले आहे. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, दीक्षाभूमी यांवर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितो आणि लिहिलेच पाहिजे. म्हणून या वेळी मी एका लहानशा जागेविषयी लिहायचे ठरवले. ही जागा मुंबईत आहे, आपल्यापैकी अनेकांनी ती रेल्वेच्या डब्यातून पाहिली आहे आणि तिचा धम्माशी संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ही जागा म्हणजे चर्नी रोडची बाग.

पश्चिम रेल्वेचे चर्नी रोड स्टेशन आहे ना, त्याच्या पूर्वेला, महर्षी कर्वे रस्त्याच्या बाजूला ही बाग आहे. पश्चिमेला उतरले की समुद्र आणि चौपाटी. माणसे मुलाबाळांना घेऊन चौपाटीवर जातात, भेळ खातात आणि परत गाडी पकडतात. बागेकडे कोण बघतो ? तिच्या नावात आज 'स. का. पाटील उद्यान' असे शब्द आहेत. जुनी माणसे मात्र अजून चर्नी रोड गार्डनच म्हणतात.

चर्नी हे नाव कसे पडले, त्याचीही एक हकिगत सांगतात. १८३८ साली इंग्रज सरकारने मैदानात गुरे चारण्यावर कर बसवला. गोरगरिबांना तो परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी पदरचे पैसे घालून ठाकूरद्वारच्या बाजूला समुद्रालगतची गवताळ जमीन घेतली आणि गुरांना फुकट चरायला मोकळी केली. चरण्याची जागा ती चरणी, आणि चरणीचे पुढे चर्नी झाले. म्हणजे या परिसराच्या नावातच 'कोणालाही मज्जाव नाही' हा अर्थ आहे. जनावरांना मज्जाव नसलेली जागा ! आपल्या समाजाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता बाबासाहेबांकडे येऊ. सुभेदार रामजी आंबेडकर मुलांना घेऊन मुंबईत आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. गिरणगावातली चाळ, एवढीशी खोली, त्यात सारा संसार. अभ्यासाला जागा कुठली ! भीमराव रात्री लवकर निजायचे आणि मध्यरात्रीनंतर उठून दिव्याच्या उजेडात वाचत बसायचे. वडील त्यांना उठवायचे. मुलाला पुस्तकांचे वेड होते. पैसे नसले तर रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करत. बाप असावा तर असा.

भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. ती सरकारी शाळा, मुंबईसारख्या शहरातली. तिथे तरी विटाळ नसेल असे वाटेल. पण एकदा मास्तरांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्याकडे बोलावले, तर वर्गातली पोरे ओरडत उठली. कारण काय, तर त्यांचे डबे फळ्यामागे ठेवलेले ! डबे काढून घेतले, तेव्हा कुठे या विद्यार्थ्याला फळ्याला हात लावता आला. संस्कृत शिकायची इच्छा होती, तीही शाळेने पुरी होऊ दिली नाही. पर्शियन घ्यावे लागले.

शाळेत अशी स्थिती आणि घरी बसायला जागा नाही. मग शाळा सुटल्यावर हा मुलगा कुठे जाई ? चरित्रकार सांगतात, तो चर्नी रोडच्या बागेत जाई आणि बाकावर बसून वाची. बागेत पाळण्याचे पैसे नव्हते, बाकावर बसायला जात विचारत नव्हते. सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे त्या बाकावरून कळते.

त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळूसकर नावाचे एक गृहस्थ नेहमी येत. १८६० साली जन्मलेले, कोकणातल्या वेंगुर्ल्याकडच्या केळूस गावचे, पेशाने शिक्षक, सत्यशोधकी विचारांचे आणि मराठीतले मोठे चरित्रकार. तुकाराम महाराजांचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र त्यांनी लिहिले. १८९८ साली त्यांनी गौतम बुद्धाचे चरित्र मराठीत लिहिले. त्या काळी मराठी माणसाला बुद्ध म्हणजे दशावतारातला एक अवतार, एवढीच ओळख. धर्मानंद कोसंबींसारख्या माणसालाही बुद्धाची पहिली ओळख 'बालबोध' मासिकातल्या एका लहानशा चरित्रलेखातून झाली. अशा काळात केळूसकरांनी स्वतंत्र पुस्तक लिहून ठेवले होते. ते जणू योग्य वाचकाची वाट पाहत होते.

केळूसकरांनी पाहिले, एक मुलगा रोज येतो, खेळत नाही, हुंदडत नाही, पुस्तकात डोके घालून बसतो. त्यांनी जवळ जाऊन विचारपूस केली, बाळ तू कोण, कुठला ? मुलाने आपली जात लपवली नाही. केळूसकरांना अस्पृश्य मुलाची ही ज्ञानाची भूक बघून आनंद झाला. ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले, काय वाचावे ते सांगू लागले. गुरुशिष्याचे नाते जडले.

पुढची हकिगत आपल्याला माहीत आहे, निदान ऐकून तरी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजची पोरे हसतील ! पण ज्या समाजाच्या पोराला फळ्याला हात लावता येत नव्हता, त्या समाजाचा पोरगा मॅट्रिक झाला होता. वस्तीने अभिनंदनाची सभा भरवली. धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे, की सभेचे अध्यक्ष समाजसुधारक सीताराम केशव बोले होते, केळूसकरांचे भाषण झाले आणि त्यांनी आपले बुद्धचरित्र या विद्यार्थ्याला भेट दिले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बाबासाहेबांनी स्वतः हीच आठवण थोडी वेगळी सांगितली आहे. 'दि बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ सालच्या एप्रिलमध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली छापून आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे बऱ्याच वर्षांनी ती लोकांसमोर आली. तिच्यात बाबासाहेब म्हणतात, की ही सभा ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हाची. वडील सभेला तयार नव्हते. सत्काराने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा समाजातली मंडळी वडिलांचे स्नेही दादा केळूसकर यांच्याकडे गेली. केळूसकरांनी रामजीबाबांचे मन वळवले, तेच सभेचे अध्यक्ष झाले आणि भाषण संपताना त्यांनी बुद्धचरित्राची प्रत हातात दिली.

मग खरे काय ? चौथी की मॅट्रिक ? अध्यक्ष बोले की केळूसकर ? इतिहासात असे होते. पन्नास वर्षांनी सांगितलेली आठवण आणि चरित्रकारांनी गोळा केलेली माहिती तंतोतंत जुळतेच असे नाही. आपण भांडत बसू नये, पण एक बाजू झाकूनही ठेवू नये. 'ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या' असे सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. दोन्ही हकिगतींत जे सारखे आहे ते पक्के धरावे. पुस्तक बुद्धाचे होते, देणारे केळूसकर होते आणि घेणारा आपला भीम होता.

त्या पुस्तकाने काय केले, तेही बाबासाहेबांनीच त्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. पुस्तक वाचून ते भारावून गेले. त्यांनी वडिलांना विचारले, तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, बुद्धाचे वाङ्मय का वाचायला दिले नाही ? वडिलांनी सांगितले, आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून ; गरिबीतून माणसे कशी वर आली ते कळावे म्हणून. मुलाचे समाधान झाले नाही. त्याला महाभारतातले भीष्म-द्रोण पटले नाहीत आणि कृष्ण-रामही पटले नाहीत. केळूसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकाच्या आधारानेच आपण बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेबांनी स्पष्ट नमूद केले आहे.

केळूसकर पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढे कॉलेजचे शिक्षण पैशाअभावी अडले, तेव्हा ते भीमरावांना घेऊन महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकून संतुष्ट झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्यातून बी. ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ गाठता आले. केळूसकर १९३४ साली वारले. आपल्या विद्यार्थ्याने पुढे राज्यघटना घडवली आणि लाखोंना धम्म दिला, हे पाहायला ते राहिले नाहीत.

बोले यांचेही ऋण विसरता येत नाही. याच सी. के. नव्हे, एस. के. बोले यांनी (नावात लोक गल्लत करतात म्हणून सांगितले) ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले. दादर पश्चिमेला एस. के. बोले रोड आहे. तिथून जाताना मुलांना सांगा, हे बोले कोण होते.

बागेतला बाक आणि महाडचे तळे, दोन्हींचा अर्थ एकच. जे सर्वांच्या पैशाने उभे राहते, त्यावर सर्वांचा हक्क. बाकावर बसू दिले म्हणून एक मुलगा शिकला. तळ्यावर येऊ दिले नाही म्हणून त्याच मुलाने मोठेपणी संगर उभा केला.

आता पाटीवरच्या नावाकडे वळू. स. का. पाटील कोण होते ? तेही कोकणातलेच. असहकाराच्या काळात शिक्षण सोडून स्वातंत्र्यलढ्यात पडले, तुरुंगवास भोगला. मुंबई काँग्रेसची सूत्रे वर्षानुवर्षे त्यांच्या हातात होती. १९४९ ते १९५२ या काळात ते लागोपाठ तीनदा मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणत. १९५२, १९५७ आणि १९६२ साली ते लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात अन्न, रेल्वे अशी मोठी खाती त्यांनी सांभाळली. १९६७ साली दक्षिण मुंबईत तरुण कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांना हरवले. १९८१ साली ते वारले. शहराचा कारभार ज्याने इतकी वर्षे पाहिला, त्याचे नाव महापालिकेने एका बागेला द्यावे, यात नवल नाही.

पण आपल्या घरांतून या नावाची आठवण वेगळी आहे. १९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे होते. समोर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर. मुंबई काँग्रेसचे नेतृत्व पाटलांकडे. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. घटनेचा शिल्पकार १४,५६१ मतांनी पडला. या पराभवात एकट्या काँग्रेसचाच हात नव्हता. कम्युनिस्टांच्या प्रचाराचाही त्यात वाटा होता. तरी आपल्या आजोबांच्या पिढीच्या मनातला सल गेला नाही.

दुसरी आठवण संयुक्त महाराष्ट्राची. मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये, अशी पाटलांची भूमिका होती. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा होती. मराठी जनतेने ती उधळून लावली. या बागेपासून चौपाटी चालत जाण्याइतकी जवळ ! पुढे १०५ जणांचे बलिदान झाले. आपला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होता, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

तर बघा, काळाचा खेळ कसा. ज्या बागेत बाबासाहेबांना त्यांचे गुरू भेटले, त्या बागेला नाव मिळाले ते बाबासाहेबांच्या राजकीय विरोधकाचे. कोणी म्हणेल, पाटी बदला, मोर्चा काढा. नावाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या साडेपंधरा वर्षांत आपल्या माणसांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नाव म्हणजे नुसती अक्षरे असतात, असे आपण कधीच म्हणणार नाही.

तरीही मला वाटते, या बागेच्या बाबतीत आपले काम वेगळे आहे. स. का. पाटलांनी शहराची सेवा केली, त्यांचा मान शहराने राखला. त्यात आपण वैर धरण्याचे कारण नाही. न हि वेरेन वेरानि, हे आपण विहारात म्हणतो ते काय नुसते म्हणण्यापुरते ? पाटी एकच नाव सांगते, जागेचा सगळा इतिहास सांगत नाही. उरलेला इतिहास सांगणारी माणसे लागतात. ती माणसे आपण आहोत. आपण सांगितला नाही, तर दुसरा कोणी सांगणार नाही, आणि आणखी एका पिढीनंतर चर्नी रोडची बाग म्हणजे गाडीतून दिसणारी चार झाडे, एवढेच उरेल.

बाबासाहेबांनी स्वतः नावे कशी दिली ते आठवा. दादरला घर बांधले, त्याला नाव दिले राजगृह. १९४६ साली मुंबईत कॉलेज काढले, त्याला नाव दिले सिद्धार्थ. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या कॉलेजला मिलिंद. अजून दीक्षा व्हायची होती, पण नावे सगळी बुद्धाच्या घरची ! १९५४ साली मुंबईत पुरंदरे स्टेडियमवर त्यांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. २४ मे १९५६ रोजी परळच्या नरे पार्कवर बुद्धजयंतीच्या सभेत ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार असल्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला शब्द खरा केला. डबक चाळ परळची आणि नरे पार्कही परळचेच. पन्नासेक वर्षांपूर्वी तिथल्याच एका शाळकरी मुलाच्या हातात एक पुस्तक पडले होते, तिथून हा प्रवास सुरू झाला.

शेवटी आपल्या विहाराविषयी दोन शब्द. विहार म्हणजे फक्त वंदना घेण्याची आणि लग्न लावण्याची जागा नाही. आपल्या वस्तीत अजूनही अशी घरे आहेत, जिथे एका खोलीत सहा माणसे राहतात, टीव्ही चालू असतो आणि दहावीचा मुलगा कोपऱ्यात वही धरून बसतो. त्याला बाक हवा आहे. विहाराचे दार संध्याकाळी उघडे असेल, वर दिवा असेल, कपाटात चार चांगली पुस्तके असतील, तर तोच त्याचा चर्नी रोडचा बाक. आणि बाकाएवढीच गरज केळूसकरांची आहे. वस्तीत शिकलेली, नोकरीला लागलेली, रिटायर झालेली माणसे काही कमी नाहीत. त्यांनी संध्याकाळी तासभर येऊन बसावे. वाचणाऱ्या पोराजवळ जाऊन विचारावे, बाळ काय वाचतोस ? पोरीला विचारावे, पुढे काय शिकणार ? केळूसकरांनी याहून वेगळे काय केले होते ? ते आपल्या जातीचे नव्हते, नात्याचे नव्हते. त्यांनी विचारपूस केली, पुस्तक दिले आणि योग्य दारापर्यंत सोबत गेले.

पुढच्या वेळी पोरांना घेऊन चौपाटीवर जाल, तेव्हा चर्नी रोडला उतरून आधी पाच मिनिटे बागेत बसा. पाटीवरचे नाव त्यांना वाचू द्या, स. का. पाटील कोण होते ते सांगा. मग बाकावर टेकून दुसरे नावही सांगा, त्यानंतर तिसरे. भीमराव रामजी आंबेडकर, विद्यार्थी. कृष्णराव अर्जुन केळूसकर, गुरुजी. आणि येताना रस्त्यावरच्या दुकानातून त्यांना एखादे पुस्तक घेऊन द्या.

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त सर्व उपासक-उपासिकांना मंगल कामना.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम ! नमो बुद्धाय !